गिटारच्या बाजूच्या पट्ट्या कमरेपाशी तडकतात. लाकूड जास्त वेळ भिजवावे का?

रात्रभर पाण्यात बुडवून ठेवूनही आपल्या शिसवीच्या पट्ट्या कमरेच्या वळणावर तडकल्या आणि आता त्या दोन दिवस भिजवाव्यात असे गावातल्या सुतारांनी सुचवले, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते तसे करू नये. लाकूड वाकते ते उष्णतेने. पाणी ती उष्णता आतपर्यंत पोचवते आणि पृष्ठभाग करपू देत नाही, आणि त्यासाठी अर्धा तास भिजवणे पुरेसे असते. फार भिजलेली पट्टी रुंदीत पन्हाळीसारखी वळते आणि वाळताना आकसून आकार सोडते. सुतारांना बोल लावण्याचे कारण नाही. आपल्या मराठवाड्यात बैलगाडीच्या लाकडी चाकाचा घेरही कापलेले तुकडे जोडूनच करत आले आहेत, त्यामुळे लाकूड वाकवण्याची वेळ त्यांच्यावर सहसा येत नाही. याबाबतीत बांबू जाळावर धरून वळवणाऱ्या बुरुडाला विचारलेले बरे.

लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारे लिग्निन ओलाव्यासह तापले की मऊ पडते. अशा मऊ पडलेल्या लाकडाला दाबून 25 ते 30 टक्क्यांपर्यंत आखूड करता येते, पण ताणले तर ते 1-2 टक्क्यांतच तुटते. म्हणून तडा वळणाच्या फुगीर अंगाला जातो, आणि कमरेपाशी वळण उलटे असल्यामुळे हे अंग गिटारच्या पेटीच्या आतल्या बाजूला येते. आपली मोडलेली पट्टी उलटी करून पाहिलीत तर चिरफळी तिथूनच उठलेली दिसेल. यावर खात्रीचा उपाय म्हणजे त्या फुगीर अंगाला स्टीलची पातळ, लवचीक पट्टी घट्ट लावून दोन्ही एकत्र वाकवणे. ताण बराचसा पोलाद घेते.

त्याआधी जाडी मोजा. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे 2.5 मिलिमीटरची पट्टी 2 मिलिमीटरवर आणली की तिचा ताठपणा जवळपास निम्मा होतो. शिसवीसाठी मी 2 ते 2.2 मिलिमीटर ठेवतो आणि जाडी सगळीकडे सारखी आहे ना, हे व्हर्नियरने तपासतो, कारण जिथे रंधा जास्त लागला असेल तिथेच पट्टी एकदम दुमडते. लाकडाच्या तंतूंच्या रेषा कडेला समांतर न धावता तिरक्या बाहेर पडत असतील, तर ती फळी वखारीतच सोडून द्यावी. तिला कोणतीही युक्ती वाचवत नाही.

तापवायला ॲल्युमिनियमचा जाड नळ चांगला. बोअरच्या कामातून उरलेला जीआय पाइप आपल्याकडे सहज मिळतो, पण आत गॅसची ज्योत सोडली तर त्यावरच्या जस्ताचा धूर निघू शकतो आणि तो आरोग्याला घातक असतो. पाण्याचा थेंब नळावर नुसता चरचरत पसरला तर ताप कमी आहे. तो गोळी होऊन पळू लागला की काम सुरू करावे. पट्टी नळावर टेकवून किंचित पुढे-मागे सरकवत राहावी, हाताचा दाब हलकाच ठेवावा आणि वाट पाहावी. काही वेळाने तिचा विरोध अचानक ओसरतो, आणि हे हाताला स्पष्ट कळते. त्याआधी जोर लावला की तडा ठरलेला. आधी कमर, मग पट्टी उलटवून खालचा आणि वरचा घेर, असा क्रम ठेवल्यास दोन्ही टोके साच्यावर जुळवणे सोपे जाते.

वाकवलेली पट्टी साच्यात क्लॅम्पने आवळून निदान एक रात्र तरी ठेवावी. थोडी उघडली तर कोरडीच नळावर धरून पुन्हा आणता येते. वाकवण्याचे काम कोणत्याही ऋतूत करावे, पण पुढची आणि मागची फळी पट्ट्यांना चिकटवण्याचे काम भर पावसाळ्यात करू नये. दमट हवेत फुगलेली फळी तशीच चिकटवली, तर एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जाऊन हवा कोरडी पडते तेव्हा ती आकसायला बघते, कडा पक्क्या धरलेल्या असल्याने तिला सरकायला जागा मिळत नाही आणि ती मधोमध उलते.