तुमचे प्रश्न: एकाच कनेक्शनवर रिक्वेस्टची रांग लावायची तर

प्रश्न: सर, मी जुळे सोलापूरला राहतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरवाल्यांसाठी कॅटलॉगचं अ‍ॅप करतोय. डिझाइनचे छोटे छोटे फोटो, एका वेळी चारशेच्या आसपास, सर्व्हर अमेरिकेत, म्हणजे एका फोटोला नुसतं जाऊन यायलाच पाव सेकंद. शिकायचं म्हणून सी मध्ये स्वतःची ट्रान्सफर लायब्ररी लिहायला घेतलीये, त्यात एचटीटीपी पाइपलायनिंग टाकलं, म्हणजे आधीच्या उत्तराची वाट न बघता त्याच कनेक्शनवर पुढच्या रिक्वेस्ट पाठवत राहायचं. स्पीड भारी वाढला, पण युजरनं मधेच एखादा फोटो कॅन्सल केला की चादरीच्या जागी भलत्याच टॉवेलचा फोटो येतोय, आणि कधी कधी सगळंच अडकून बसतंय. डिझाइन कुठं चुकलं?

उत्तर: आधी हे सांगतो की तुमचा हिशोब बरोबर आहे. चारशे फोटो एकामागं एक मागवले तर शंभर सेकंद नुसते वाट बघण्यात जातात, आणि उत्तराची वाट न बघता पाच-पाच रिक्वेस्ट पुढं ढकलत राहिलं तर तेच वीसवर येतं. मोह होणारच.

पण एचटीटीपी/1.1 च्या रिस्पॉन्सवर नंबर नसतो. हे उत्तर अमुक रिक्वेस्टचं असं सांगणारं एक अक्षरही त्याच्यात नसतं. ज्या क्रमानं मागितलं त्याच क्रमानं सर्व्हरनं द्यायचं, एवढाच करार, 1997 च्या आरएफसी 2068 पासून (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले दस्तऐवज) आजतागायत तोच. म्हणजे रांगेतली जागा हीच ओळख. तुम्ही कॅन्सल झालेला फोटो रांगेतून काढून टाकताय, पण त्याची रिक्वेस्ट तर केव्हाच वायरवर गेलेली असते, सर्व्हर त्याचं उत्तर पाठवणारच, आणि ते येऊन पडतं पुढच्याच्या गळ्यात. तुमचा टॉवेल चादरीच्या जागी बसला तो असा.

म्हणून रांग ट्रान्सफरची, म्हणजे एकेका फोटोच्या कामाची नको, कनेक्शनची ठेवा, आणि एक नाही दोन ठेवा, एक पाठवायची आणि एक घ्यायची. लिबकर्ल या सी मधल्या नावाजलेल्या ट्रान्सफर लायब्ररीत पाइपलायनिंग होतं तेव्हा तिथंही अशाच दोन रांगा होत्या. पाठवायच्या रांगेत जो पहिला त्यालाच सॉकेटवर (कनेक्शनचं आपल्या प्रोग्राममधलं टोक) लिहायची परवानगी, त्याची रिक्वेस्ट शेवटच्या बाइटपर्यंत गेली की तो दुसऱ्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहतो, आणि तिथं जो पहिला त्यालाच वाचायची परवानगी. कॅन्सल आलं आणि रिक्वेस्ट अजून सुरूच झाली नसेल तर खुशाल काढा. पण एक बाइट जरी गेला असेल तर ती नोंद काढायची नाही, तिला ‘मालक गेला’ अशी खूण करायची, तिची उरलेली रिक्वेस्ट पूर्ण लिहायची आणि तिचं उत्तर आलं की वाचून फेकून द्यायचं. उत्तर फार मोठं असेल तर वाचत बसू नका, कनेक्शनच बंद करा आणि मागं उभे असलेल्यांना नव्या कनेक्शनवर घ्या. किती मोठं म्हणजे मोठं, हा आकडा वापरणाऱ्याला बदलता येऊ द्या.

आता बफर, म्हणजे आलेले बाइट तात्पुरते ठेवायची जागा, कारण खरी गंमत आणि खरा त्रास इथंच आहे. समजा तुम्ही 16 केबी वाचायला सांगितले. त्या एका वाचनात पहिल्या फोटोचं शेपूट येईल, दुसऱ्याचं अख्खं 304 उत्तर (‘फोटो बदललेला नाही’) येईल, आणि तिसऱ्याचा अर्धवट हेडर येईल, ‘कंटेंट-लें’ इथंच तुटलेला. बहुतेक जण बफर ट्रान्सफरच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवतात, आणि पहिला ट्रान्सफर संपून फ्री झाला की त्याच्यासोबत दुसऱ्या-तिसऱ्याचे बाइटही कचऱ्यात. मग दुसरा बिचारा सॉकेटवर डेटा यायची वाट बघत बसतो, आणि सॉकेटवर काही येणार नसतं कारण ते आधीच येऊन गेलंय. तुमचं ‘अडकून बसणं’ बहुतेक हेच. उरलेले बाइट कनेक्शनचे, ट्रान्सफरचे नाहीत, आणि रांग पुढं सरकली की पोल करायच्या, म्हणजे सॉकेटवर नवीन काही आलंय का हे विचारायच्या आधी त्या उरलेल्यात बघायचं. पार्सरला, म्हणजे उत्तर वाचून त्याचे भाग पाडणाऱ्या कोडला पण कळलं पाहिजे की आपण कुठल्या रिक्वेस्टचं उत्तर वाचतोय, कारण हेडच्या (फक्त हेडर मागणारी रिक्वेस्ट) उत्तरात कंटेंट-लेंग्थ, म्हणजे बॉडी किती बाइटची हा आकडा, असू शकते पण बॉडी येत नाही, 204 आणि 304 ला तर बॉडीच नसते.

अडकायचं अजून एक कारण असू शकतं. तुम्ही धडाधड लिहित सुटलात आणि वाचलंच नाही, तर सर्व्हरचा पाठवायचा बफर भरतो, तो तुमच्या रिक्वेस्ट वाचायचा थांबतो, मग तुमचाही बफर भरतो, आणि दोघंही एकमेकांची वाट बघत उभे. लिहिता लिहिता वाचत राहायचं आणि रांगेची लांबी मर्यादित ठेवायची, लिबकर्लचा डीफॉल्ट पाच होता, तोच घ्या.

टाइमआउटचं घड्याळ कधी चालू करायचं हाही प्रश्न आहे. रांगेत चौथा असलेला फोटो उशिरा आला ही त्याची चूक नाही, पुढं कुणीतरी मोठी फाइल मागवलीये. चाटी गल्लीत मालाचा टेम्पो उभा राहिला की मागच्या मोटरसायकलीला कितीही घाई असू दे, ती तिथंच. म्हणून वाचायचा टाइमआउट नंबर लागल्यावर चालू करा, एकूण वेळेची मर्यादा मात्र पहिल्यापासून. आणि पुढं चाललेल्या उत्तराची कंटेंट-लेंग्थ ठराविक आकड्याच्या वर दिसली की त्या कनेक्शनवर नवीन कुणाला उभं करू नका.

कनेक्शन मधेच तुटलं तर? गेट आणि हेड परत पाठवायला हरकत नाही, पण ऑर्डर टाकणारी पोस्ट सर्व्हरपर्यंत पोचली की नाही हे तुम्हाला कळत नाही, परत पाठवलीत तर एका ऑर्डरच्या दोन होतील, एमआयडीसीतला माणूस फोन करून विचारेल. म्हणून पोस्ट पाइपलाइनमध्ये घालायचीच नाही. नवीन कनेक्शनवरही लगेच पाच ढकलू नका, पहिली रिक्वेस्ट एकटी पाठवा, उत्तर 1.1 चं आहे आणि कनेक्शन उघडं राहतंय हे बघा, मगच रांग. तुटल्यानंतरच्या रिट्रायला तर 2014 च्या आरएफसी 7230 नं हे बंधनकारकच केलंय, कारण ज्या रिक्वेस्टमुळं तुटलं तीच पहिली असेल तर तिचं एरर उत्तर परत हरवेल.

प्रश्न: लिबकर्लनंच पाइपलायनिंग काढून टाकलं असं वाचलं, मग हे शिकून उपयोग काय? (सोलापूरचेच एक विद्यार्थी)

उत्तर: खरंय. लिबकर्लच्या 7.16.0 आवृत्तीत 2006 ला आलं, 7.62.0 मध्ये 2018 ला बंद केलं. डेस्कटॉपवरच्या फायरफॉक्सनं कधी डीफॉल्टनं चालू केलंच नाही आणि पुढं काढलं. कारण मधले जुने प्रॉक्सी (रिक्वेस्ट पुढं पोचवणारे मधले सर्व्हर) आणि काही सर्व्हर क्रम चुकवायचे किंवा दुसरी रिक्वेस्ट गिळून टाकायचे, आणि क्लायंटला ते कळायला काही मार्ग नव्हता. 2015 च्या एचटीटीपी/2 मध्ये प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे डेटाच्या तुकड्याच्या, नऊ बाइटच्या हेडरमध्ये स्ट्रीमचा, म्हणजे तो कुठल्या रिक्वेस्टचा आहे त्याचा नंबर असतो, त्यामुळे उत्तरं कुठल्याही क्रमानं आली तरी चालतात आणि कॅन्सल करायला वेगळी फ्रेमच आहे. टीसीपीचं पॅकेट हरवलं तर मात्र तिथंही सगळे स्ट्रीम थांबतात, ते एचटीटीपी/3 नं सोडवलं.

तेव्हा गिऱ्हाइकाच्या अ‍ॅपमध्ये एचटीटीपी/2 च वापरा, सर्व्हर तेवढा नवा नसेल तर ब्राउझरसारखी एका होस्टला सहा कनेक्शन उघडा, काम होतं. पण सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही तुमच्याच हातात असतील तर पाइपलायनिंग आजही उत्तम चालतं, रेडिस या मेमरीतल्या डेटाबेसमध्ये लोक रोज वापरतात. आणि मला मनापासून वाटतं की दोन रांगा, उरलेले बाइट आणि रिट्राय हे एकदा स्वतः लिहिलं की नेटवर्कचा कोड वाचायची भीती जाते. लिहाच.

प्रश्न: याची टेस्ट कशी करायची? घरच्या वायफायवर सगळं नीटच चालतंय. (जुळे सोलापूरच्याच वाचकांचा पुढचा प्रश्न)

उत्तर: घरच्या चांगल्या नेटवर नीट चालणारच, तिथं उत्तरं बहुतेक वेळा अख्खी येतात. स्वतःचा एक वात्रट टेस्ट सर्व्हर लिहा. तो एकदा एक-एक बाइट करून पाठवेल, एकदा पाच उत्तरं चिकटवून एकाच वेळी देईल, एकदा तिसऱ्या उत्तराच्या मधोमध कनेक्शन तोडेल, आणि एकदा पहिलं उत्तर देऊन गप्प बसेल. प्रत्येक फोटोत त्याचं स्वतःचं नाव लिहून ठेवा, आलेला फोटो आणि मागितलेलं नाव जुळतंय का तेवढंच तपासा, आणि कॅन्सल मधेच कुठंही, रँडम टाकत राहा.