नायटा असूनही रक्तातील पांढऱ्या पेशींचा आकडा नेहमीइतकाच कसा? त्यांना बुरशी ओळखता येत नाही का?

तुम्ही लिहिले आहे की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) काम करताना ओल्या कपड्यांमुळे जूनमध्ये मांडीवर नायटा उठला, तो अजून गेलेला नाही, आणि तरीही रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींचा आकडा नेहमीइतकाच आला. तेव्हा या पेशींना बुरशी ओळखताच येत नाही की काय, असा तुमचा प्रश्न आहे. मी गोव्यातील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. त्यामुळे कोणते औषध घ्यावे हे सांगणार नाही, पण ओळखीचा प्रश्न माझ्या विषयातला आहे.

प्रथम आकड्याविषयी. प्रौढ माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ४००० ते ११००० पांढऱ्या पेशी असतात, आणि तपासणीत मोजल्या जातात त्या फक्त वाहत्या रक्तातल्या. नायट्याची बुरशी मात्र त्वचेच्या अगदी वरच्या, मृत केराटिनच्या (त्वचा-नखांतल्या टणक प्रथिनाच्या) थरावर जगते, जिथे रक्तवाहिनी पोहोचतच नाही. तिच्याशी होणारा सामना त्या थराच्या लगतच, हाताच्या तळव्याएवढ्या जागेत चालतो, आणि एवढ्याशा गडबडीने शरीरभराच्या रक्तातील आकडा सहसा हलत नाही. नायट्याची लाल, उंचावलेली, खाजणारी कड हाच पांढऱ्या पेशींचा प्रतिसाद आहे. बुरशी बाहेरच्या दिशेने सरकते आणि तिच्यामागे मधला भाग निवळत जातो, म्हणून ते वर्तुळ दिसते. ओळख पटली नसती तर कडही लाल झाली नसती.

आता ती पटते कशी? बुरशी ही जीवाणूंपेक्षा आपल्या अधिक जवळची आहे. तिच्या पेशीत आपल्यासारखेच केंद्रक असते आणि पेशीच्या आतला कारभारही पुष्कळसा आपल्यासारखाच चालतो. (बुरशीवरची औषधे मोजकीच का आहेत, याचे मुख्य कारण हेच.) फरक ठळक दिसतो तो बाहेरच्या भिंतीत. आपल्या पेशींना भिंतच नसते. बुरशीच्या भिंतीत आतल्या बाजूला कायटिन, त्यावर बीटा-ग्लुकान आणि बऱ्याच जातींत सर्वांत बाहेर मॅनन अशी शर्करांची लांब साखळी-द्रव्ये असतात. मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल आणि डेन्ड्रायटिक पेशी या संरक्षक पेशींच्या पृष्ठभागावर नेमकी हीच द्रव्ये पकडणारी प्रथिने असतात, ज्यांना ग्राहक म्हणतात. बुरशीची प्रत्येक जात वेगळी ओळखण्याची गरजच पडत नाही, कारण हजारो जातींच्या भिंतीत ही द्रव्ये थोड्याफार फरकाने तीच आहेत. भाताच्या रोपालाही कायटिन ओळखणारे ग्राहक असतात. आपल्या खाजन शेतीतले (खाडीकाठच्या बांध घातलेल्या भातशेतीतले) पीकही बुरशीची चाहूल याच खुणेवरून घेते, हे मला वर्गात सांगायला फार आवडते.

या संशोधनात बुरशीचा वाटा मोठा आहे. रशियन जीवशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी १८८४ साली डॅफ्निया या पारदर्शक पाणपिसूच्या शरीरात यीस्ट या एकपेशी बुरशीचे टोकदार बीजाणू शिरताना आणि भक्षक पेशी त्यांना गिळताना पाहिल्या. पुढे १९९६ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञ ज्यूल हॉफमान यांच्या प्रयोगशाळेत असे दिसले की ‘टोल’ हे जनुक बिघडलेल्या फळमाश्या अ‍ॅस्परजिलस बुरशीपुढे टिकाव धरू शकत नाहीत. त्यातून माणसातील टोलसदृश ग्राहकांचा शोध वेगाने पुढे गेला आणि हॉफमान यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. बीटा-ग्लुकान पकडणारा मुख्य ग्राहक डेक्टिन-१ आहे, हे २००१ साली स्पष्ट झाले.

डेक्टिन-१ ची एक खुबी विशेष सांगण्याजोगी आहे. बीटा-ग्लुकानचे विरघळलेले तुकडे त्याला चिकटले तरी तो पेशीला फारसा चेतवत नाही. प्रत्यक्ष बुरशीची भिंत अंगाला भिडली तरच चेतवतो. पेशीच्या पृष्ठभागावर सीडी४५ सारखी प्रथिने एरवी हा संकेत दाबून ठेवत असतात. भिंत घट्ट टेकली की ती त्या जागेवरून बाजूला ढकलली जातात, डेक्टिन-१ चे रेणू एकवटतात आणि संकेत मोकळा होतो. शत्रू दूर कुठे तरी आहे की अंगाला भिडला आहे, हा भेद पेशीला असा कळतो. मग सिक आणि कार्ड-९ या प्रथिनांमार्फत संकेत केंद्रकापर्यंत जातो, इंटरल्यूकिन नावाचे निरोप बाहेर पडतात, आणि त्यांच्या प्रभावाखाली तयार झालेल्या टीएच-१७ पेशी (टी-पेशी या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) इंटरल्यूकिन-१७ सोडतात. त्यामुळे त्वचेच्या पेशी जंतुनाशक पेप्टाइडे बनवतात आणि आणखी न्यूट्रोफिलना बोलावून घेतात.

न्यूट्रोफिल समोरच्या बुरशीचा आकारही जोखतात. यीस्टची सुटी पेशी लहान, ती गिळून आतल्या आत ऑक्सिजनच्या दाहक संयुगांनी आणि विकरांनी (एन्झाइमांनी) मारता येते. लांबलचक तंतू गिळता येत नाही. अशा वेळी न्यूट्रोफिल स्वतःचे डीएनए जंतुनाशक प्रथिनांसह बाहेर फेकून त्याचे जाळे पसरतात. ही जाळी २००४ साली प्रथम वर्णिली गेली, आणि ती टाकायची की नाही हे आकारावरून ठरते, हे २०१४ साली दिसून आले.

बुरशीही गप्प बसत नाही. कॅन्डिडा आपले बीटा-ग्लुकान मॅननखाली झाकते, क्रिप्टोकॉकस जाड आवरण पांघरते. अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू पाण्याला न भिजणाऱ्या प्रथिनाच्या थरात असतात, आणि हे आपल्याही पथ्यावर पडते असे माझे मत आहे. पावसाळ्यात ओल धरलेल्या आपल्या भिंतींतून हवेत किती बीजाणू उडत असतील, त्या प्रत्येकावर फुप्फुसात आग पेटली असती तर श्वास घेणे कठीण झाले असते. बीजाणू रुजू लागला, थर फाटला आणि ग्लुकान उघडे पडले, की मगच पेशी जोरात उठतात.

तुमच्या शंकेचे सर्वांत थेट उत्तर २०१३ साली अल्जीरिया, ट्युनिसिया आणि मोरोक्को येथील काही कुटुंबांच्या अभ्यासातून मिळाले. त्यांतील रुग्णांमध्ये कार्ड-९ चे जनुक जन्मतः बिघडलेले होते, आणि त्यांच्या शरीरात नायट्याचीच बुरशी त्वचेखाली खोल, काहींच्या लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचली होती. काही जण त्यातून वाचले नाहीत. तुमच्या मांडीवरची बुरशी चार महिने वरच्याच थरात अडकून आहे ती याच पेशींमुळे. तिचा समूळ नाश होत नाही, कारण मृत केराटिनात त्यांचा शिरकाव फार कमी. शिवाय भारतात आता टर्बिनाफिन या औषधाला दाद न देणारी ट्रायकोफायटॉन या नायट्याच्या बुरशीची जात पसरली आहे.

पांढऱ्या पेशींचा आकडा महत्त्वाचा ठरतो तो वेगळ्या परिस्थितीत. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल एका मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली जाऊन बरेच दिवस तिथेच राहिले, तर अ‍ॅस्परजिलस फुप्फुसाच्या ऊतींत शिरू शकतो. एचआयव्हीमध्ये टी-पेशी घटतात तेव्हा तोंडात कॅन्डिडा वाढतो. २०२१ च्या करोना लाटेत म्युकरमायकोसिस झालेल्या अनेकांच्या बाबतीत पेशी होत्या, परंतु अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइड यांनी त्या मंदावल्या होत्या.

स्टिरॉइडचा हा मुद्दा तुम्हालाही लागू आहे. औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या मिश्र मलमांत ते बरेचदा असते. ते लावले की कडेची लाली आणि खाज दोन दिवसांत ओसरते, कारण पेशींचा प्रतिसाद दबतो, आणि बुरशी मात्र मोकळेपणी पसरते. असे मलम लावत असाल तर ते त्वचारोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा, आणि रक्त पुन्हा तपासण्यापेक्षा कडेची खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येईल का, हे विचारा. खरवड कडेचीच घेतात, कारण जिवंत तंतू मिळण्याची शक्यता तिथे सर्वाधिक असते.