गोल्फ, जिमखाना, अंपायर: खेळांतल्या शब्दांच्या उगमाच्या गोष्टी कितपत खऱ्या?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: ‘गोल्फ’ म्हणजे ‘जेंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ हा व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड खरा का, आणि ‘जिमखाना’ हा शब्द आला कुठून.

फॉरवर्ड खोटा आहे. स्कॉटलंडच्या संसदेने 1457 मध्ये फुटबॉल आणि गोल्फवर बंदी घातली, कारण लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून त्यातच रमायला लागले होते. त्या कायद्यात ‘गोल्फ’ हा शब्द आहे. आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची टूम इंग्रजीत रुळली ती विसाव्या शतकात. त्याआधीच्या कुठल्याही शब्दाची अशी फोड कुणी करून दाखवली, तर पुढे वाचायचीही गरज नाही. गोल्फचं मूळ बहुधा ‘कोल्फ’ या डच शब्दात आहे. त्याचा अर्थ सोटा.

आता जिमखाना. मरीन लाइन्सच्या समुद्राकडच्या बाजूला हिंदू, इस्लाम, पारशी अशा जिमखान्यांच्या पाट्या वाचून ‘जिम’ इंग्रजी आणि ‘खाना’ फारसी असं वाटणं साहजिक आहे. मूळ शब्द मात्र हिंदुस्तानी ‘गेंदखाना’, म्हणजे चेंडू खेळायची जागा. साहेबाच्या कानाला ‘गेंद’ परका आणि ‘जिम्नॅस्टिक्स’ ओळखीचं, म्हणून पुढचा तुकडा बदलला. दवाखान्यातला, कारखान्यातला ‘खाना’ तसाच राहिला. 1861 मध्ये रुरकीला या नावाची संस्था होती, आपला बॉम्बे जिमखाना 1875 चा. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये आज ‘जिमखाना’ म्हणजे घोडेस्वारीच्या स्पर्धांचा मेळावा. ‘जिमखान्यात कॅरम खेळतो’ हे वाक्य तिथे कुणाला कळायचं नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो ‘अंपायर’. जुन्या फ्रेंचमधला ‘नॉनपेर’ म्हणजे जोडीत न बसणारा, विषम. दोघांच्या भांडणातला तिसरा. इंग्रजीत त्याचा ‘नूम्पेर’ झाला. मग ‘अ नूम्पेर’ म्हणताना ‘न’ पुढच्या शब्दाचा की आधीच्या ‘अ’चा, यात घोळ झाला आणि ‘ॲन अम्पेर’ उरलं. ‘ॲप्रन’चंही तेच, तो आधी ‘नॅप्रन’ होता. आणि आपला शब्द पाहा: पंच. तोही विषम आकड्यावरूनच, पाच जणांच्या निवाड्यावरून आलेला. निकाल लागायचा तर मतं समसमान पडून चालत नाही, हे दोन्हीकडच्या लोकांनी आपापलं ओळखलं होतं.

अशी व्युत्पत्ती तपासायची तर आधी शब्दाची सगळ्यात जुनी लेखी नोंद शोधायची. ती गोष्टीतल्या प्रसंगाच्या आधीची निघाली, तर गोष्ट तिथेच बाद. मग शब्द एका भाषेतून दुसरीत कुणाच्या तोंडून गेला ते पाहायचं: सैनिक, व्यापारी की खेळाडू. मराठी शब्दासाठी मोल्सवर्थच्या कोशाची 1857 ची आवृत्ती उघडा. शब्द अरबी, फारसी की संस्कृत, ते तिथे कंसातल्या एका अक्षराने दाखवलेलं असतं.

टेनिसमधलं ‘लव्ह’ या चाळणीत अडकतं. फ्रेंच ‘लफ’, म्हणजे अंडं, त्यावरून शून्य, ही गोष्ट सांगायला झकास आहे. पण फ्रेंच लोक स्वतः गुण सांगताना अंड्याचं नाव काढत नाहीत. उलट इंग्रजीत अठराव्या शतकातच पत्त्यांच्या डावात ‘लव्ह’ म्हणजे शून्य असा वापर होता. पैसे न लावता, नुसत्या हौसेने खेळणं, या अर्थावरून तो आला असावा असं मानतात, आणि मलाही ते जास्त पटतं. अंड्याची गोष्ट खरी आहे ती क्रिकेटमध्ये. शून्यावर बाद झालेल्याचा ‘डक’ हा ‘डक्स एग’चा उरलेला तुकडा आहे.

हॅटट्रिकमध्ये खरीखुरी टोपी आहे. 1858 मध्ये शेफील्डला एच. एच. स्टीफन्सनने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, तेव्हा वर्गणी काढून त्याला टोपी भेट दिली गेली. तीन गोलांची हॅटट्रिक नंतरची.

आपल्याकडून गेलेलं नाव हवं असेल तर पोलो: काश्मीरच्या उत्तरेकडच्या बाल्टिस्तानातल्या बाल्टी भाषेत ‘पुलु’ म्हणजे चेंडू. स्नूकर हा खेळ 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला, नाव मात्र वूलिचच्या लष्करी अकादमीतल्या पहिल्या वर्षाच्या कॅडेटांचं, म्हणजे ‘नवशिक्या’ अशा अर्थाचं. तो शोधणारा नेव्हिल चेंबरलेन म्हणजे पुढचा ब्रिटिश पंतप्रधान असं ठोकून देणारे भेटतात. 1875 मध्ये तो पंतप्रधान सहा वर्षांचा होता. बॅडमिंटनला एके काळी ‘पूना’च म्हणत, पण टिकलं ते इंग्लंडातल्या बॅडमिंटन हाउसचं नाव. पुणेकरांनी हे मनाला लावून घेऊ नये.

आखाड्यातले आपले शब्दही दूरचेच. ‘तालीम’ अरबी, मूळ अर्थ शिकवणी. ‘पैलवान’ फारसी ‘पहलवान’वरून, आणि त्याच्या मागे प्राचीन इराणातल्या पार्थियन लोकांचं नाव.

बुद्धिबळातला ‘शह’ म्हणजे फारसीतला ‘शाह’, राजा. तोच अरबी, लॅटिन, फ्रेंच असा फिरत इंग्रजीत ‘चेक’ झाला. त्यातूनच पडताळणीचा चेक, चौकटीच्या शर्टाचा चेक आणि फोर्टातल्या बँकेत भरतो तो चेकही.