सांडपाण्यावरचा फेस आणि जीवाणुभक्षक विषाणू

प्रश्न : आमच्या मासळी प्रक्रिया कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात एरेशन टाकीवर (जिथे पाण्यात हवा सोडून जीवाणूंकडून घाण पचवली जाते) तपकिरी, चिवट फेस साचतो आणि पुढच्या टाकीत गाळ खाली बसत नाही. जीवाणूंना मारणारे विषाणू सोडून हा त्रास थांबवता येईल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तत्त्वतः येईल, परंतु टाकीत कोणता जीवाणू माजला आहे हे कळल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये आणि डेरेल यांनी १९१७ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेले हे विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफाज, जीवाणूला चिकटून आपले जनुकद्रव्य आत सोडतात, आतच वाढतात आणि अखेर पेशी फोडून बाहेर पडतात. मात्र प्रत्येक फाज ठरावीक जातीलाच, कित्येकदा तिच्यातील मोजक्या वाणांनाच मारतो.

अशा फेसामागे बहुधा गॉर्डोनियासारखे फांद्या फुटणारे तंतुमय जीवाणू असतात. पेशीभित्तिकेतील मायकोलिक आम्लांमुळे ते पाण्यापासून फटकून राहतात आणि बुडबुड्यांना धरून वर येतात; मासळीच्या सांडपाण्यातील तेल-चरबीवर तर ते चांगलेच पोसतात. ऑक्सिजन अपुरा पडला की स्फेरोटिलस हा दुसरा तंतुमय जीवाणू वाढतो आणि गाळ फुगतो, म्हणजे सैल होऊन खाली बसत नाही. या दोन्हींना मारणारे फाज संशोधकांनी वेगळे केले असून प्रयोगशाळेत त्यांचा परिणामही दिसला आहे.

चालू टाकीत मात्र अडचणी वाढतात. गाळाच्या गुठळ्यांत दडलेल्या जीवाणूंपर्यंत फाज सहज पोचत नाहीत, आणि काही काळाने त्यांना दाद न देणारे जीवाणू उरतात. शिवाय थोडे तंतू हे गुठळीचा सांगाडाच असतात. ते सगळे नष्ट झाले तर गुठळ्या विस्कटून बाहेर जाणारे पाणी गढूळ होईल. मुख्य म्हणजे चरबी येतच राहिली, तर मेलेल्यांची जागा नवे तंतू घेतील.

म्हणून आधी फेसाची व गाळाची ग्रॅम रंजन (जीवाणू ओळखण्यासाठी रंगवण्याची पद्धत) केलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावी. चरबी एरेशनच्या आधीच अडवावी, विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम ठेवावा आणि जादा गाळ नियमित काढावा. फेस काढून बाहेर न्यावा. तो टाकीत परत ढकलल्यास तेच जीवाणू पुन्हा पेरले जातात. धुण्यासाठी समुद्राचे पाणी वापरत असाल, तर खारटपणात एकाएकी चढउतार होऊ देऊ नये, कारण त्यानेही गाळ बिघडतो.

एवढे करूनही तंतू हटले नाहीत, तर सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेकडून आपल्याच गाळातील जीवाणूवर तपासलेला, पेशी फोडणाराच फाज घ्यावा आणि आधी बादलीभर गाळावर वापरून पाहावा. फाज घातलेला आणि न घातलेला गाळ १ लिटरच्या दोन मोजपात्रांत ३० मिनिटे स्थिर ठेवला, तर बसलेल्या गाळाच्या उंचीतला फरक डोळ्यांनी दिसेल.