प्लम-चेरीचं कलम गच्चीवर फळेल का?

प्रश्न : बोरिवलीत आमच्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं. ‘प्लुएरी’ म्हणजे प्लम आणि चेरीच्या संकराचं कलम ऑनलाइन मिळतंय. १८ इंची कुंडीत लावलं तर फळं येतील का?

उत्तर : झाड काही दिवस तग धरेल, फळणार मात्र नाही. पैसे वाचवा. हा संकर कॅलिफोर्नियात मोडेस्टोच्या झायगर कुटुंबाने तयार केला. फळ खरोखरच गोड. पण त्याच्या कळ्या हिवाळ्यात झोपतात आणि ७.२ अंश सेल्सिअसखालची थंडी ४०० ते ५०० तास मिळाल्याशिवाय धड उठत नाहीत. ४५० तास म्हणजे जवळजवळ १९ दिवस-रात्री. सांताक्रूझ वेधशाळेने नोंदलेला नीचांक ७.४ अंश, जानेवारी १९६२ चा. म्हणजे त्या पहाटेनेसुद्धा तुमच्या कलमाच्या खात्यात एक तास जमा केला नसता!

अशा झाडाला फांदीच्या टोकाला चार पानं फुटतात, मधली फांदी काठीसारखी उघडी राहते आणि आलीच कळी तर ती सुकून गळते. पुढे जून-जुलैत कुंडीत पाणी साचून मुळं कुजतात, खोडातून डिंक गळू लागतो. मुळाशी बर्फ घालण्याचा उपाय ऐकला असेल, तो सोडून द्या. थंडी कळ्यांना लागते, मुळांना नाही.

आधीच कलम घेतलं असेल तर सांधा नीट बघा. खोडाला जिथे किंचित बाक किंवा गाठ असते, त्याच्या खालून जोमदार फूट आली असेल तर ती खुंटाची, म्हणजे ज्या झाडाच्या मुळांवर कलम बांधलंय त्याची, बहुधा रानटी पीच किंवा जर्दाळूची. वरचं कलम मेलेलं असतं आणि आपण खालची हिरवळ बघून खूश!

प्रश्न : क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेल्या प्लमची बी लावली तर?

उत्तर : ओल्या कोकोपीटमध्ये गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दहा-बारा आठवडे ठेवली तर उगवेलही. पण बियांपासून आलेलं झाड आईसारखं निघत नाही, आणि झाडाला फ्रिजमध्ये ठेवता येत नाही.

प्रश्न : मुलगा हिमाचलात सोलनला असतो. तिथे अंगणात लावावं का?

उत्तर : तिथे जरूर लावा. पानं झडल्यावर, जानेवारीच्या सुमारास, उघड्या मुळांचं कलम लावतात. खड्डा तीन फूट लांब-रुंद-खोल. सांधा मातीच्या वर किमान चार बोटं राहू द्या, नाहीतर तो कुजतो. लावल्याबरोबर शेंडा जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर छाटा. मन होत नाही, पण हे चुकवलं तर झाड काठीसारखं सरळ वाढत जातं. नंतर चार दिशांच्या चार फांद्या ठेवून मधला भाग मोकळा ठेवा. एकटं झाड फळत नाही : जवळच त्याच सुमारास फुलणारा जपानी प्लम हवा. हिमाचलात सहज मिळणारा सांता रोझा बघा, दोघांचा फुलोरा जुळतो का तेवढं रोपवाटिकेत विचारा. फळं वाटाण्याहून थोडी मोठी झाली की दोन फळांत तीन-चार इंच अंतर ठेवून बाकीची काढा.

प्रश्न : मग मुंबईत चेरीसारखं काय लावावं?

उत्तर : वेस्ट इंडियन चेरी, म्हणजे असेरोला. रोप फांदीपासून केलेलं आणि गोड जातीचं मागा. बियांचं झाड फळायला उशीर करतं आणि बहुतेकदा आंबट निघतं. तुमची १८ इंची कुंडी चालेल. दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू घ्या. पावसाळ्यात कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा, म्हणजे खालचं भोक बुजत नाही. कोरड्या दिवसांत पानं जराशी मलूल होईपर्यंत पाणी तोडून मग भरपूर दिलं, की बहर येतो. फुलापासून फळ पिकायला तीन-चार आठवडे लागतात. पिकलेलं फळ दोन-तीन दिवसांत नासतं, म्हणूनच ते बाजारात फारसं दिसत नाही. रोज सकाळी तोडा, पक्ष्यांच्या आधी.