मॅनेजर परदेशात आहेत, स्वतःहून कधीच बोलत नाहीत, त्यांच्याशी नियमित संपर्क कसा ठेवावा?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्यात घरूनच काम करता, मॅनेजर न्यू जर्सीत, त्यांचा कधी फोन येत नाही आणि उगाच त्रास नको म्हणून तुम्हीही गप्प असता. हे गप्प बसणं आधी थांबवा. मी हिंजवडीत बरीच वर्षं आयटीत आहे, आता लीड आहे, आणि खरं सांगते, ज्याच्याकडून आठवडाभर काहीच कळत नाही त्याचीच सगळ्यात जास्त काळजी लागते, मग तो कितीही मन लावून काम करत असू दे.

कामाचा छोटा मेसेज त्यांना नियमित टाकत राहा, रोज निबंध लिहायची गरज नाही. पण 'काम चालू आहे' एवढ्याने समोरच्याला काय कळणार? असं लिहा: "पेमेंट मॉड्यूलचं टेस्टिंग झालं, दोन बग निघाले, एक सोडवला, दुसऱ्यासाठी डेटाबेस टीमकडून ॲक्सेस हवाय, उद्या दुपारपर्यंत नाही मिळाला तर शुक्रवारचं रिलीज सोमवारवर जाईल, तुम्ही त्यांना एक मेल टाकाल का?" यात काय झालं, कुठे अडलं आणि त्यांनी नेमकं काय करायचं हे सगळं आलं.

वेळही बघा. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असतं, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं बदलली की साडेदहा, म्हणजे त्यांचे सकाळचे ९ तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ६:३० नाहीतर ७:३०. त्याच्या थोडं आधी मेसेज टाकून ठेवलात तर लॅपटॉप उघडल्या उघडल्या तो त्यांना दिसतो, रात्री उशिरा टाकलात तर तो त्यांच्या मीटिंगांच्या गर्दीत बुडतो आणि साध्या होकारासाठी तुमचा अख्खा दिवस जातो.

डेट हुकणार असं वाटलं तर मात्र मेसेजवर न ठेवता त्याच दिवशी कॉल करा. क्लायंटसमोर बसल्यावर मॅनेजरला पहिल्यांदा कळलं तर ते फार वाईट होतं, तेच आठवडाभर आधी कळलं तर ते एखादा माणूस वाढवून देतात, स्कोप म्हणजे ठरलेलं काम कमी करून घेतात, निदान क्लायंटच्या कानावर तरी घालतात.

आणि वन-ऑन-वन, म्हणजे फक्त तुमची दोघांची मीटिंग, मागून घ्या, दर आठवड्याला नाही जमलं तर पंधरा दिवसांनी, अर्धा तास. ही पद्धत इंटेल या चिप कंपनीत रुजवणारे तिचे माजी प्रमुख अँडी ग्रोव्ह म्हणायचे की ही मीटिंग हाताखालच्या माणसाची असते, अजेंडा त्यानेच काढायचा. त्यामुळे बोलावणं येईल म्हणून वाट बघू नका, इन्व्हाइट तुम्हीच पाठवा. तिथे टिकेटांचं, म्हणजे नेमून दिलेल्या एकेका कामाचं, स्टेटस वाचत बसू नका हं, ते मेसेजमध्ये आलेलंच असतं, तिथे विचारा की माझ्या कामात काय कमी वाटतंय, पुढे कुठलं काम मिळू शकेल. बोलणं झालं की ठरलेलं दोन ओळींत मेल करून ठेवा, अप्रेझलच्या वेळी वर्षभरातलं कुणालाच आठवत नाही, तेव्हा हेच मेल कामाला येतात.

तरीही उत्तर येत नसेल तर "काय करू?" असं मोघम विचारू नका. "दोन पर्याय आहेत, मला पहिला बरा वाटतो, उद्या संध्याकाळपर्यंत तुमचं काही वेगळं मत आलं नाही तर तोच घेऊन पुढे जाते/जातो" असं लिहा, फक्त पैशाच्या किंवा क्लायंटला शब्द देण्याच्या बाबतीत असं करू नका, तिथे सरळ फोनच लावा.