रायझन ७ ७८००एक्स३डी साठी डिस्प्लेवाला लिक्विड कूलर घ्यावा का? घेतला तर काय बघून?

गेमिंगसाठी एएमडीचा ७८००एक्स३डी प्रोसेसर, राहायला नागपूर, कॅबिनेटला काच, आणि पंपावर स्क्रीन असलेला, ३६० मिमीच्या रेडिएटरचा (पाणी थंड करणाऱ्या जाळीचा) कूलर मनात भरलाय, असं तुम्ही लिहिलंय.

स्क्रीनमुळे प्रोसेसर एका अंशानेही जास्त थंड होत नाही, हे आधी सांगून टाकतो. कॉर्सेअर कंपनीने आपल्या एलिट कॅपेलिक्स कूलरसाठी नुसतं एलसीडीचं झाकण वेगळं विकायला काढलं होतं. जुनं झाकण काढा, हे बसवा, खाली पंप तोच. म्हणजे जास्तीचे पैसे शोभेचे. शोभेला माझी हरकत नाही, पण हिशेब तसा मांडा.

तुमच्या प्रोसेसरला ३६० ची गरजही नाही. त्याचा टीडीपी (कूलरला किती उष्णता बाहेर काढावी लागेल त्याचा आकडा) १२० वॉट आहे आणि गेममध्ये तो त्याच्या बराच खाली राहतो. थर्मलराइटचा पिअरलेस असॅसिन १२० एसई हा साधा एअर कूलरही त्याला पुरतो. नागपूरच्या मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत ४० अंश असतील, तर रेडिएटर कितीही मोठा असला तरी त्यातलं पाणी ४० च्या खाली येणार नाही. तिथे एसी किंवा कॅबिनेटमधली खेळती हवाच कामाला येते.

तरीही घ्यायचाच असेल (आणि तुम्ही घेणार, हे प्रश्नावरून दिसतंच), तर पिक्सेल मोजत बसू नका, आधी सॉफ्टवेअर बघा. प्रोसेसरचं तापमान स्क्रीन स्वतः मोजत नाही. पीसीवरचा प्रोग्राम ते वाचून यूएसबीवरून पाठवतो. प्रोग्राम बंद, तर आकडाही बंद. त्यामुळे एनझेडएक्सटी कंपनीचा कॅम किंवा कॉर्सेअरचा आयक्यू हा प्रोग्राम आधीच उतरवून घ्या आणि आठवडाभर पीसीवर चालवून बघा. त्याचाच वैताग आला तर तो कूलर तुमच्यासाठी नाही. स्वस्तातल्या मॉडेलबद्दल घेणाऱ्यांची रडगाणी वाचा, बहुतेक सॉफ्टवेअरचीच असतात.

दुसरं म्हणजे पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर. एनझेडएक्सटी क्रॅकेन एलिटमध्ये तो आहे. ७८००एक्स३डी मध्ये कॅशेचा (जलद मेमरीचा) जास्तीचा थर कोअर असलेल्या चिपच्या डोक्यावर बसवलाय, त्यामुळे नुसता ब्राउझर उघडला तरी आकडा टुणकन वर जातो आणि लगेच खाली येतो. पंखे त्या आकड्याला बांधले तर दिवसभर घूंऽऽ, शांत, परत घूंऽऽ. पाणी सावकाश तापतं. पंखे पाण्याच्या तापमानाला जोडा, डोकं शांत राहील. स्क्रीनवरही मी तोच आकडा ठेवतो.

मदरबोर्डवर ९ पिनांचा यूएसबी २.० हेडर (आतली वायर जोडायची जागा) मोकळा आहे का ते तपासा. बऱ्याच बोर्डांवर असे दोनच असतात. एक कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांना जातो, दुसरा रंगीत दिव्यांचा आरजीबी कंट्रोलर गिळतो, मग हब विकत आणावा लागतो. रेडिएटर वर लावणार असाल तर पंख्यांसकट जाडी ५२ मिमीच्या आसपास होते, उंच रॅम आडवी येते. पुढे लावलात तर नळ्यांचं तोंड खाली ठेवा, म्हणजे हवा पंपात न अडकता वर राहील.

मी तुमच्या जागी असतो तर २४० चा क्रॅकेन एलिट घेतला असता आणि उरलेले पैसे पुढच्या पंख्यांवर घातले असते. कॅबिनेटचं मॉडेल लिहा, वर काय बसतं ते बघून सांगतो.